मिस डोरोथींची रिकामी रेघ

मिस डोरोथींचा फोन यायचा तो रविवारी दुपारी, नेमकी मी फोडणी घातली की. “हनी, त्या फोटोतला डावीकडून तिसरा सापडला! रॉय. बॉयलर सांभाळायचा.” नवरा वैतागायचा, “अगं, संडे आहे यार! त्यांना मंडेला कॉल करायला सांग ना.” जसं काही मी सांगितलंच नव्हतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा इतिहास नोंदवायचं काम ग्रंथालयाने माझ्याकडे दिलं होतं. मिस डोरोथी तिथल्याच कॅफेटेरियात उभं आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. मदतीला म्हणून आल्या आणि माझ्या डोक्यावर बसल्या. फोटोखाली मी ‘अनोळखी कर्मचारी’ लिहिलं की चष्म्यावरून बघत बोट रोखायच्या. “अनोळखी कुणाला? तुला ना? मग तसं लिही.” फोटोच्या प्रती पर्समध्ये घालून चर्चमध्ये न्यायच्या, प्रार्थना संपली की म्हाताऱ्या माणसांसमोर धरायच्या आणि सापडलेलं नाव मागे पेन्सिलीने लिहायच्या.

त्यातही खोड होतीच. “फोटो काढला त्या दिवशी होतं तेच नाव लिहायचं. फोटो आधी, लग्न नंतर.” एका बाईचं माहेरचं नाव मिळेना म्हणून त्यांनी अख्खं प्रदर्शन पुढे ढकलायला लावलं. निमंत्रणं छापून झाली होती! मी चिडून म्हणाले, “एका फोटोसमोर लोक मिनिटभरही थांबत नाहीत हो.” त्या म्हणाल्या, “तिची नात थांबेल.” मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मार्चमध्ये त्या गेल्या. माझी रविवारची फोडणी निवांत होऊ लागली, आणि तेच मला सोसेना.

परवा त्यांचा खोका आवरताना कॅफेटेरियाचा एक फोटो निघाला. सात बायका. खाली माझ्याच हाताने, अगदी पहिल्या महिन्यात लिहिलेलं: ‘अनोळखी कर्मचारी’. मागे पेन्सिलीने सहा नावं आणि सातवी नुसती रेघ. उजवीकडची तरुण मुलगी फोटो काढणाऱ्याला बोट दाखवून काहीतरी सुनावत होती. ते बोट मी ओळखलं. इतकी वर्षं समोर बसून या बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत! रेघ माझ्यासाठी सोडून गेल्या.

मी पेन्सिल घेतली आणि अडले. फोटोत तिच्या कमरेवरच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी नव्हती. मला ठाऊक असलेलं आडनाव त्यांच्या नवऱ्याचं, अंत्यविधीच्या पत्रिकेतही तेच. माहेरचं मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी नवऱ्याला म्हटलं, आज कुकर तू लाव. चर्चच्या दारात मी उभी राहिले. प्रार्थना संपली, एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत बाहेर आल्या. मी पर्समधून फोटो काढून त्यांच्यासमोर धरला.

“ही उजवीकडची. हिचं लग्नाआधीचं नाव सांगाल?”