पाणी उपसणाऱ्याचा वाटा

मुझफ्फर बहारीनहून परतला तो पाय अधू करून. होडीवर आता त्याचं काम नाही. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ तो फाटकी जाळी सांधून पोट भरतो. मासेमारी बंद असते त्या महिन्यांत खलाशी त्याच्या पडवीत येऊन बसतात, पण बोलणं सगळं दर्यावरचं. त्यात ह्याला शब्द घालायला जागा नाही.

बहारीनला खोलीतल्या सोबत्यांकडून तो एक खेळ शिकला होता. प्रत्येकाने मनातून एक माणूस उभा करायचा, त्याला काय किती येतं ते शंभरातल्या आकड्यांत लिहायचं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापला माणूस काय करतो ते सांगतात. पोहणं साठ असेल तर फाशांवर साठ किंवा त्याहून कमी पडायला हवं. पडलं की साधलं, आणि साधलं की कागदावर खूण. खुणेगणिक आकडा वाढतो, माणूस शिकत जातो.

गेल्या साली त्याने त्या खेळाचं जुनं जाडं पुस्तक काढलं. माणूस तयार करण्यातच दुपार गेली. “ह्यो खेळ आसा काय रेशनकार्डाचो फॉरम?” म्हणून लवू तांडेल उठला. लवू उठला की पडवी उठते.

यंदा मुझफ्फरने पुस्तक छाटलं. तलवारी, घोडे, कुलपं, मंत्र, सगळं गेलं. एका पानात उरलं ते होडी, पोहणं, बाजार, भांडण, औषध आणि थाप. हेही फसलं तर परत कोणी बसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बसले. लवू, त्याच्या होडीवरचा सर्वेश आणि सुकी मासळी विकून परतणारी यशोदा. गोष्टीत निवतीच्या खडकांपाशी होडीला भोक पडलं. लवूच्या माणसाने सुकाणू धरलं, फाशांनी साथ दिली. किनाऱ्यावर जकातदार आडवा आला, त्याला यशोदा अशी काय बोलली की मुझफ्फरच म्हणाला, “काकी, फासे ऱ्हवांदेत. जकातदार पळालो.”

“पळांदे. फासे हाड हय. माका खूण होयी.”

सर्वेशचा माणूस सगळा वेळ पाणी उपसत होता.

खेळ थांबला, खुणा मोजल्या. लवूने सर्वेशचा कोरा कागद बघितला. “ह्येका काय?”

“काय नाय. पाणी उपसुचो आकडोच नाय. मी काढून टाकलंय तो.”

“मेल्या, सुकाणू धरल्यान तो खातलो आणि पाणी उपसल्यान तो उपाशी रवतलो? ह्येणां उपसल्यान नसतां तर माझां सुकाणू खंय असतां?”

“लवूकाका, ह्यो मासो न्हय वांटूक. शिकलेलां ज्येचां त्येच्याच हातात रवतां.”

“मगे बस तू एकटोच शिकत.” लवूने उठायला गुडघ्यावर हात टेकला.

मुझफ्फर मनात हिशेब करू लागला. पाणी उपसण्याला आकडा दिला असता, पण मग उद्या दोर ओढण्याला द्या, परवा नांगर टाकण्याला. पुस्तक पुन्हा जाडं. आणि नाही दिला तर पडवी रिकामी.

“बस रे काका,” तो म्हणाला. “सगळ्यांच्यो खुणो एका जाग्यार घाला. वांटो तूच घाल.”

लवू बसला. खुणांच्या जागी शिंपले मांडले आणि रेतीवर मासळीची रास घालतो तसे वाटे घातले. प्रत्येक हाताला वाटा, होडीला वाटा. होडीला कागदच नव्हता, तो नवा केला. अडलं तर तिचा आकडा कोणीही वापरायचा, असं ठरलं. शेवटी एक शिंपला उरला.

“ह्यो जाळ्याचो,” लवू म्हणाला.

“गोष्टीत जाळां खंय होतां?” मुझफ्फरने विचारलं.

“गोष्ट ज्येची, जाळां त्येचां,” यशोदा म्हणाली. “जाळेवालो दर्यार नाय गेलो तरी त्येचो वांटो बुडणा नाय. घे, झिला.”

गोष्ट चालवणाऱ्याला ह्या खेळात माणूस नसतो, हे मुझफ्फर सांगणार होता. सांगितलं नाही. स्वतःसाठी नवा कागद घेतला आणि ‘होडी’पुढे अगदी लहान आकडा घातला.

लवूने वाकून पाहिला. “इतकोच? माझी होडी रेतीर वयर काढलेली आसा, फाल्या थंय ये, शिकवतंय.”

“आणि गोष्ट कोण सांगतलो?”

“तूच. होडयेर बसून सांग, आमी आयकतंव.”

यशोदा टोपली डोक्यावर घेऊन पायरी उतरली होती. तिथूनच तिने वळून तिघांना उद्याचा दम भरला, “फाल्या माका सोडून सुरू केलात तर बघा.”