भेगाळलेल्या पायांची उपमा

जव्हार संस्थानातल्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला देशावरून एक मास्तर आणले होते. शब्दार्थांची एक वही, एवढीच त्यांची विद्या. लार्क म्हणजे एक प्रकारचा पक्षी. थ्रश, एक प्रकारचा पक्षी. लिनेट, तोही एक प्रकारचा पक्षीच. आम्ही हे सारं ओरडून पाठ करायचो.

माझ्या शेजारी दाभोसा गावचा एक मुलगा बसे. नाचणीची राखण करत वाढलेला. नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखायचा. त्यानं एकदा विचारलं, "गुरुजी, पन कंचा पक्षी? आपलेकडं हाये का तो?"

"परीक्षेत तुला तो पकडून आणायला सांगणार नाहीत," मास्तर म्हणाले. "पाठ कर!"

वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मी पहिल्या नंबरचा होतो, आणि मास्तरांच्या विनोदाला आधी हसणं हे पहिल्या नंबराचं कामच असतं.

मग सिमिली, मेटाफर वगैरे आलं. व्याख्या इंग्रजीत, उदाहरण ठरलेलं: शूर माणूस सिंहासारखा. सिंह आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मास्तरांनी तरी कुठं पाहिला असेल!

त्या वर्षी शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले. मी व्याख्या घडाघडा म्हटली, सिंह सांगितला. साहेब कंटाळून म्हणाले, "पुस्तकातलं नको. स्वतःचं सांगा कुणीतरी."

मी खाली बसलो. मास्तर छताकडे पाहू लागले. तेवढ्यात दाभोस्याचा मुलगा उठला आणि अडखळत म्हणाला, "माय फादर्स फीट इज लाइक राइस-फील्ड इन समर."

साहेबांनी मान वर केली. मग म्हणाले, "शाबास! मास्तर, तुम्ही मुलांना विचार करायला शिकवता." शेरेबुकातही त्यांनी तेच लिहिलं. मास्तरांनी मान लववून ते श्रेय खिशात घातलं.

साहेबांची पाठ वळताच छडी बाहेर आली. "फीट इज? शाळेची अब्रू घालवलीस! फीट आर!" सहा छड्या मोजून मारल्या. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत दिसला नाही. त्याची चौकशी मास्तरांनी केली नाही, आणि मीही केली नाही.

मॅट्रिकच्या पेपरात सिमिलीचं स्वतःचं उदाहरण मागितलं होतं. मी बापाचे पाय लिहिले. 'आर' घालून, शुद्ध. माझ्या वडिलांचे पाय जोड्यात असत. त्यांना भेग कसली ती ठाऊक नव्हती. पास झालो, कचेरीत कारकून झालो.

काही वर्षांनी मोखाड्याच्या बाजारात दाभोस्याचा तो मुलगा भेटला, आता बाप्या झालेला. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, झाडांच्या फांद्या तोडू नयेत, असा जंगलखात्याचा इंग्रजी कागद त्याच्या हातात होता. मी वाचून अर्थ सांगितला.

"एवढी वर्षं तोडतोय. आता भाताचं रोप कशावर करायचं?" त्यानं विचारलं.

"ते यात लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

त्यानं कागद घडी करून मुंडाशात खोचला. "तू लई शिकलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. पेपरातली चोरी कबूल करायला तोंड उघडलं, आणि कचेरीची वेळ झाली म्हणून सांगून निघालो. त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती.