साहेबांसमोर मराठी

आमच्या इंदूरच्या मराठी माणसांना एक खोड आहे आणि मला तिची शिसारी येते. दहा मराठी माणसं गप्पा मारत असोत, एक हिंदीवाला येऊन बसला की दहाही जण लगेच हिंदीत सुरू. त्या बिचाऱ्याने मागितलेलंही नसतं. वर ह्याला सभ्यपणा म्हणायचं. डोंबलाचा सभ्यपणा.

वडील कामाला होते ती मिल बंद पडली, त्याच्या पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. मिलवाली कुटुंबं पांगली आणि छत्रीबागेत आई जिथे शिकवायची, त्या शाळेचे मराठी वर्ग रिकामे व्हायला लागले. ज्यांना जमत होतं त्यांनी आपली पोरं इंग्रजी शाळेत घातली. त्यात शाळेच्या समितीतले लोकही आले, जे गणपतीत स्टेजवर मायमराठीच्या नावाने गळा काढायचे. मग निरोप आला की शिक्षण खात्याचे साहेब येऊन पालकांशी बोलतील. मराठी वर्गांची गरज दिसली तर ते राहतील, नाही तर बंद. आईने दारोदार फिरून पालक गोळा केले. त्या वर्गांपलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

शाळेचा हॉल भरला. साहेब आले, ते भिंडकडचे, म्हणजे हिंदीवाले. झालं. समितीचे अध्यक्ष उठले, "आदरणीय साहबजी, आपका हार्दिक स्वागत है." मग एकेक पालक उठून मराठी शाळा किती जरूरी आहे ते फर्ड्या हिंदीत सांगायला लागला. "मातृभाषा है जी हमारी, बच्चों को आनी चाहिए." आणि टाळ्या.

मग आई उठली आणि सरळ मराठीत बोलायला लागली. पहिलीचं पोर घरून कुठली भाषा घेऊन येतं, हिंदीच्या वर्गात ते महिनाभर कसं मुकं बसतं, एवढंच ती सांगत होती. साहेब मान वर करून ऐकत होते. तेवढ्यात अध्यक्ष पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, हिंदीत बोला ना. साहेबांसमोर बरं नाही दिसत." मागे दोघं-तिघं हसले. आई खाली बसली. 

नंतर बटाटेवडे आले. साहेबांना आग्रहावर आग्रह. चटणीची तारीफ झाली, वर्गांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

निघताना साहेब आईपाशी थांबले. "आप रुक क्यों गईं? बरसों से इंदौर में हूँ, मराठी समझता हूँ. बाकी सबको सुनकर तो यही लगा कि हिंदी से काम चल जाता है. बताइए, क्या लिखूँ?"

आई तोंड उघडणार, तोच अध्यक्ष वडा हातात धरून मध्ये आले. "जैसा आप ठीक समझें, साहब."

साहेबांना ठीक वाटलं ते त्यांनी लिहिलं. जूनपासून आईला हिंदीचा वर्ग दिला. त्यातली निम्मी पोरं मराठी घरांतलीच होती, आणि त्यांच्याशी वर्गात मराठी बोलायचं नाही असं अध्यक्षांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. ते मात्र मराठीत.