सायकलीची ट्यूब

नांदेडच्या दवाखान्यासमोर पंक्चरवाल्याकडून तापल्या रबराचा वास आला आणि लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरचा एक कोरडा उन्हाळा आठवला. रेणापूरजवळच्या आमच्या वस्तीसाठी पहिला टँकर आला होता. गल्ली अरुंद, म्हणून रस्त्यापासून आतल्या हौदापर्यंत पाइप टाकलेला. पण टँकरच्या तोटीचं आणि पाइपचं तोंड जुळेना. टँकर भरलेला, हौद कोरडा ठणठणीत. ड्रायव्हर वैतागला, "बसत न्हाई, मी निघालो." आई वडिलांना म्हणाली, "सायकलीची ट्यूब काढा." "उद्या कामावर कसं जाऊ?" "चालत." वडिलांनी चाक खोललं, कापलेली ट्यूब दोन्ही तोंडांवर चढवून सुतळीनं आवळली, आणि हौदात धो धो पाणी पडलं. आज डॉक्टर माझ्या नातीबद्दल सांगत होते: पेशीत हवं ते सगळं तयार होतं, बारीक पिशव्यांत भरून पेशीच्या पडद्यापर्यंत येतं, पिशवी पडद्याला जोडणारं प्रोटीनच बिघडलंय, म्हणून माल आतच अडकतो. औषध अजून नाही. बाहेर येऊन पंक्चरवाल्यापुढं कितीतरी वेळ उभा राहिलो. "काय पाहिजे, काका?" "ट्यूब," माझ्या तोंडून निघून गेलं. "कोणत्या गाडीची?" त्यानं विचारलं.