डाव्या पायाखालचा पुठ्ठा

कारखान्यात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे कानसेन म्हणत. घरगुती पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या शाखेत तो एकवीस वर्षं पंप तपासत होता. चालत्या पंपावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कुठे घासतंय, पाणी कुठे अडतंय, ते तो बिनचूक सांगे. एकदा त्याने झाकणातलं भोक दोन मिलिमीटर वर घ्यायला लावलं आणि पंपाची घरघर गेली. मग कंपनीच्या साऱ्या देशांतल्या कारखान्यांत ते भोक वर सरकलं. बक्षीस म्हणून त्याला एक घड्याळ मिळालं. ते दुसऱ्याच वर्षी बंद पडलं.

भोक काही त्याने डोकं लावून शोधलं नव्हतं. दिवसाला साठ पंप ऐकता ऐकता एखादा खटकतो, आणि खटकलं की घास गोड लागत नाही. त्याच्या शोधाचं शास्त्र एवढंच.

तपासणीच्या त्या शेवटच्या दिवसांत त्याला नव्या मॉडेलमध्ये एक बारीक 'कुई' ऐकू येऊ लागली. प्रत्येक पंपात नाही, तिसऱ्या-चौथ्यात. "ही कुई सापडली ना, तर पंप दुप्पट जगेल बघ," तो बायकोला म्हणाला.

"सापडू दे बाई एकदाची," बायको म्हणाली. "जेवताना तरी ताटाकडे बघाल."

तेवढ्यात हेड ऑफिसचा हुकूम आला, की तपासणीचं काम बाहेर द्या. शाखेच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "कानसेन, तोंड पाडू नका. ही हमाली आपण ठेकेदाराच्या गळ्यात मारू. तुम्ही फक्त नवं शोधायचं, त्यासाठी खास खोली देतोय. तुमचं काम तेवढं नीट लिहून द्या. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसालाही जमलं पाहिजे."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! चार महिने खपून त्याने एकशे बारा पानं लिहिली. माणूस इतका प्रामाणिक, की तपासणीच्या खोलीतली फरशी एका कोपऱ्यात खचली होती म्हणून टेबलाखाली तो पुठ्ठा सारत असे, तोसुद्धा लिहून टाकला: 'मागच्या डाव्या पायाखाली चार घड्यांचा पुठ्ठा ठेवावा.' कशासाठी, ते लिहायचं राहिलं. पुठ्ठा कशाला असतो हे काय सांगायला हवं, असं त्याला वाटलं. प्रत्येक पानाखाली त्याने झोकदार सही ठोकली.

खोली मिळाली. काचेची भिंत, रंगीत खुर्च्या, पांढरा फळा आणि दारावर 'नवकल्पना कक्ष' अशी पाटी. सगळं होतं, पंप तेवढा नव्हता. त्याने मागितला, तर कळलं की पंप तयार होऊन थेट ठेकेदाराकडे जातात. परत इथे मागवायचा तर तो तपासणी खात्यानेच मागवावा लागतो, आणि ते खातं तर बंद झालं. फळ्यावर त्याने मोठ्या अक्षरात 'कुई' लिहून ठेवलं. महिनाअखेरीच्या फॉर्मवर 'नव्या कल्पना' या रकान्यात शून्य भरायचं आणि घरी जायचं.

आठ महिन्यांनी साहेबांच्या नाकदुऱ्या काढून तो एकदाचा ठेकेदाराच्या शेडमध्ये पोचला. वीस टेबलं ओळीत मांडलेली, आणि प्रत्येकाच्या मागच्या डाव्या पायाखाली चार घड्यांचा पुठ्ठा. खालची फरशी आरशासारखी सपाट. पंप सुरू झाला की टेबल तीन पायांवर थडाथडा नाचायचं. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. कुई कसली ऐकू येतेय, नुसता खडखडाट.

"पोरी, हा पुठ्ठा काढ जरा," तो टेबलावरच्या मुलीला म्हणाला. "पाच मिनिटं फक्त."

"नाही काका, कागदावर आहे तो."

"अगं, कागद माझाच आहे. ही सही बघ, माझीच."

"असेल हो. पण मागे एकीने काढला होता, दुसऱ्या दिवसापासून ती दिसलीच नाही." तिने वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तुम्हीच वरून बदलून आणा ना. आमचंही डोकं उठतं दिवसभर."

वाकून त्याला स्वतःच तो ओढता आला असता. हात पुढे गेलाही. मग त्याने तिचं घाबरलेलं तोंड पाहिलं आणि हात मागे घेतला.

त्याने हेड ऑफिसला अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आलं: बदल फक्त तपासणी खातं सुचवू शकतं, आणि आपल्या शाखेत असं खातं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

त्यानंतर साहेबांनी पुन्हा बोलावलं. "हेड ऑफिस विचारतंय, या शाखेतून पूर्वी कल्पना यायच्या, त्या आटल्या कशा? म्हणून आता नवं शोधायचं कामही बाहेर देतायत. तुम्हाला कसं सुचतं, ते तेवढं लिहून द्या. मागच्यासारखंच, सविस्तर."

"आणि मी?"

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. "महिनाअखेरपर्यंत आहातच की."

संध्याकाळी तो घरी कागद घेऊन बसला. बायको चहा पुढे ठेवत म्हणाली, "या वेळी नका लिहू. मागच्या खेपेला हौसेने पायावर धोंडा पाडून घेतलात."

"नाही लिहिलं तरी जाणारच आहे," तो म्हणाला. निदान कुई तरी कोणाच्या तरी हाती लागावी, एवढीच त्याची आता इच्छा होती.

त्याने लिहिलं: 'एक, पंप चालू करावा. दोन, स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावावा.' तिसऱ्या ओळीत कुई कशी असते ते लिहायचं होतं. बारीक, हे ठीक; पण सुरू होताना येते की पंप तापल्यावर? सलग की तुटक? त्याने डोळे मिटले. कानात टेबलांचा खडखडाट सुरू झाला. खडखडाटाखाली काहीच नव्हतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"आठवत नाही गं," तो म्हणाला, आणि त्या दोन ओळींखाली त्याने सही केली.