मामांचं ‘काऊन?’

आमच्या दिल्लीवाल्या मामांना “जेवले का?” असं विचारलं तरी सरळ उत्तर मिळायचं नाही. “काऊन?”, म्हणजे ‘का म्हणून?’, असा उलटा प्रश्न यायचा. उभा जन्म दिल्लीत काढून वऱ्हाडीतला हा एकच शब्द त्यांनी जपून ठेवला होता, आणि तोही आमच्या अंगावर टाकायला.

संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागात ते फार मोठ्या हुद्द्यावर होते. हेसुद्धा आम्हाला ते निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून कळलं. ते आपल्या गावी, उंद्रीला राहायला आले तेव्हा गावाने सत्कार ठरवला आणि मी मास्तर, म्हणून मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. चार दिवस खपून दोन पानं लिहिली, मामांना दाखवली. परत आली तेव्हा नाव, गाव आणि ‘शांत स्वभाव’ एवढंच शिल्लक होतं, बाकी सगळ्यावर काळी रेघ.

“यात चुकीचं काय आहे?” मी चिडून विचारलं.

“चुकीचं म्हणून खोडलं नाही,” मामा म्हणाले.

सत्काराला मी अर्ध्या मिनिटात मानपत्र वाचून खाली उतरलो.

वाचून झालेला कागद बारीक फाडायची त्यांना खोड होती. त्यांचे चुलतभाऊ लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तर मामांनी ती वाचून त्यांच्यादेखतच तुकडे केले. “लगनाची पत्रिका हाय ही, समन नाही आणलं तुले!” म्हणत चुलतभाऊ चहा न घेताच उठले. लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी मामाच हजर होते.

आईचा राग याहून जुना होता. आजोबा गेले तेव्हा एकुलता एक मुलगा असून मामा आले नाहीत. अग्नी याच चुलतभावाने दिला. मामा उगवले दीड महिन्याने. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की आई विचारायची, “बाबा गेले त्या दिवशी तू कुठी होता रे?”

“ताई, ते सोडून काहीही विचार,” मामा ताटाकडे बघत म्हणायचे.

मला आईची कीव यायची आणि मामांचा संताप. निवृत्त झाले, केस पिकले, आता कोणता शत्रू उंद्रीत कान लावून बसला होता?

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला त्यांच्या हाताखाली काम केलेले एक साहेब दिल्लीहून आले. आईने त्यांनाही तेच विचारलं.

“माताजी, वो तो मैं भी नहीं बता सकता,” साहेब ओशाळून म्हणाले.

आईचा बांध फुटला. “बरं, नका सांगू! पण त्या दिवशी तो जेवला होता का, एवढं तरी सांगा मले!”

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “नहीं, माताजी. खबर मिल गई थी। साहब ने तीन दिन कुछ नहीं खाया।”

आई तोंडाला पदर लावून आत गेली. मी तिथेच बसून राहिलो, डोळे पुसत आणि मामांवर चिडत. हे एवढंसं वाक्य एखाद्या भाऊबीजेला तिच्या कानात सांगितलं असतं, तर देशाची कोणती सरहद्द ढासळणार होती? काऊन नाही सांगितलं, मामा?