बापूरावची पुढची फळी

बापूराव मेला त्याले आता सहा महिने झाले. मेल्या मानसाबद्दल वाईट बोलू नये म्हन्तेत. नसन बोलू, पन मी बोलनार. असा खडूस, तोंडाचा फाटका अन् उलट्या काळजाचा मानूस आमच्या जऊळक्यात दुसरा झाला नाई. मले त्यानं चारचौघात 'बिनकामाचा' म्हनलं होतं. मी पाटलाचा पोरगा, भगवंतराव. माझ्या बापासमोर लोकं पायातल्या वहाना काढत, अन् हा माळी मले बिनकामाचा म्हने!

स्टेशनाच्या पलीकडं, रेल्वेलाइनीले लागून त्याचा मळा. वांगे, मिरची, मेथी, सांबार म्हनजे कोथिंबीर. जऊळक्याच्या बजारात बसे, उरला माल गाडीनं वाशीमले जाये. पोरबाळ नाई. घरात तो अन् बायको तुळसाबाई, ती त्याच्याहून तिखट. गिऱ्हाइकानं वांगं जरा दाबून पाह्यलं का बापूराव ते हातातून हिसकून घे. "कापूस व्हय काय रे दाबून पाह्याले? ठिव खाली." तरी लोकं त्याच्यापाशीच येत, कारन वांगं खरंच चांगलं असे. याचा मले आनखीच राग येये.

मळ्याच्या अन् लाइनीच्या मधात पडीत जागा होती. तथी आमचा फुटबालचा क्लब. खेळ आनला स्टेशनमास्तरनं, बॉल देल्ला हिरालालशेठनं. शेठ कापसाचे मोठे व्यापारी, म्हून क्लबाचे अध्यक्षबी तेच. पुढच्या फळीत पाच जन असतात, गोल मारनं त्यायचं काम. त्या पाचातला मधला मी. ती मधली जागा मले कोनी देल्ली नव्हती, ती माझीच होती. पाटलाच्या पोराले इचारते कोन?

दर सक्रांतीले अनसिंगवाल्यायसंगं सामना होये. पस्तीस साली आमी पाच गोलानं हरलो, छत्तीस साली सातानं. आमचा दोन्ही साली येकबी नाई.

सात खाल्ल्यावर मास्तर डोक्याले हात लावून म्हनले, "लाइनच खराब आहे. सगळी लाइन बदलावी लागेल."

तथीच जगदेव उभा होता. जगदेव म्हनजे रेल्वेच्या गँगमधला गडी, दिवसभर रुळावर घन मारनारा. तो भडकला. "साहेब, माझी लाइन येकदम ठीक हाये! कालच रुळाच्या सगळ्या चाव्या ठोकल्या!"

लोकं हसून हसून लोळले. मास्तरनं समजावलं का लाइन म्हनजे रूळ नाई, लाइन म्हनजे पुढचे हे पाच. जगदेवनं आमच्याकडं वरून खाली पाह्यलं. "असं व्हय," म्हने. "मंग बदला."

पन बदलनार कोन? चौघं शेठच्या सोयऱ्या-धायऱ्यातले, पाचवा मी. आठ-नऊ महिने काई झालं नाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येक जोरदार लाथ मारली अन् बॉल कुंपाटीवरून बापूरावच्या वांग्यात गेला. नेहमीच जाये. माझा बॉल गोल सोडून सगळ्या गावात जाये, खोटं कायले बोलू. बापूराव मोट हाकून राह्यला होता. त्यानं बैल थांबवले, खाली उतरला, बॉल उचलला, झोपडीत नेऊन ठिवला अन् कडी लावली.

"अबे, बॉल दे!" मी कुंपाटीपासून वरडलो.

"नाई देत."

"काहून?"

"वांग्याचे सतरा झाडं मोडले तुया बॉलनं. अनसिंगवाल्यायचं येक तरी काई मोडलं काय?"

"शेठले सांगीन!"

"शेठच्या बापाले सांग."

शेठ आले, मास्तर आले, अर्धं गाव कुंपाटीले येऊन लागलं. नागपूरहून आनलेला बॉल, गावात तेवढा येकच. बापूराव कमरेवर हात ठिवून उभा.

"दोन वर्सं झाले, मी मोटेवरून तुमचा तमाशा पाहून राह्यलो," तो म्हने. खरंच होतं ते. विहिरीचा काठ उंच, बैल जथून खाली-वर जात त्या धावेवरून सगळं मैदान दिसे. "पाची जन येकाच वाफ्यात पानी घालता. बाकीचे वाफे सुकून राह्यले, तिकडं कोनाचं ध्यान नाई. अन् हा पाटील! याच्यापाशी पानी आलं का याले सोडूच वाटत नाई. बिनकामाचा हाये हा. पुढची फळी मी निवडन, तं बॉल मिळन. नाई तं झोपडीत उंदरं खेळतीन त्याच्यासंगं."

मास्तर मनातून खूश झाले, मले दिसलं ना. शेठनं दात-ओठ खाल्ले, पन हो म्हनलं.

अन् या बाबानं निवडले कोन? बंजाऱ्यायच्या तांड्यावरचे रूपला अन् सेवालाल, ढोरामागं पळून पळून पायात वारं भरलेले. तिसरा तो घनवाला जगदेव. चवथा त्याचा सोताचा साळा मारोतराव, बजारात भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गर्दीतून सापासारखा निघनारा. चौघायच्याबी पायात काई नाई. अन् मधली जागा मोकळी.

"मधात कोन?" मी इचारलं.

"पाहू. तू सक्रांतीपर्यंत रोज सकाळी माझ्या मळ्यात पानी वळवशीन, तं तुयाबी इचार करू."

अंगाची लाही लाही झाली माझी. घरी माय, जिजाबाई, कपाळ बडवून घे. "आपल्या वावरात पान्याले गडी हायेत, अन् तू माळ्याच्या दांडावर उभा राह्यशीन? लोकं तोंडात शेन घालतीन!" मी म्हनलं, घालू दे. मले ती जागा पाह्यजे होती. त्या जागेसाठी मी काईबी केलं असतं, अन् पुढं केलंबी.

तं रोज सकाळी फावडं घेऊन मी मळ्यात. मोट वर येये, पानी दांडात पडे, दांडातून वाफ्यात जाये. वाफा भरत आला का त्याचं तोंड मातीनं बुजवाचं अन् पुढच्याचं फोडाचं. काम येवढंच, पन वेळ साधली पाह्यजे. मले भरलेला वाफा पाह्याले बरं वाटे. आनखी जरा, आनखी जरा, असं करत मी पाहत राहो.

"फुटला! अबे फुटला!" वरून बोंब येये, तोवर बांध फुटून मेथी वाहून गेलेली.

येकदा त्यानं ढेकूळ फेकून मारलं. ते बरोबर माझ्या कानशिलात लागलं. मी फावडं उगारून धावलो, तोबी चाबूक घेऊन खाली उतरला. आता रक्त निघते का काय, तर तुळसाबाई मधात आली. "मारा येकमेकाले, खुशाल मारा," म्हने, "पन आधी ते तोंड बुजवा, मिरची बुडून राह्यली माझी." अन् नवऱ्याले म्हने, "मोटेले दोन बैल कमी पडले म्हून हा तिसरा आनला काय?"

संध्याकाळी मैदानात तेच. बापूराव कधी मैदानात उतरला नाई, मोट हाकता हाकता वरूनच बोंबले. कोनापाशीबी बॉल जरा थांबला का "फुटला!" रूपलानं सेवालालकडं, सेवालालनं पार तिकडच्या टोकाले मारोतरावकडं, त्यानं जगदेवकडं. चौघं हसत खेळत, अन् मधात मी घामानं भिजलेला. रूपला मले म्हने, "पाटील, तुमी बॉल पाळता कायले? सोडा ना त्याले." तीन महिने त्यायच्यासंगं खेळलो, पन त्यायच्या लोट्यानं घोटभर पानी प्यालो नाई. मी तसाच होतो, अन् आता लपवून काय फायदा?

सक्रांतीच्या आदल्या दिवशी बापूराव म्हने, "उद्या मधात तू उभा राह्यजो. दुसरा कोनी नाई म्हून." मले रात्रभर झोप नाई, येवढा आनंद झाला. पन त्याले दाखवला नाई.

सामन्याले सगळा गाव होता, केनवडपर्यंतचे लोकं आले होते. बापूराव नव्हता. तो रोजच्यासारखा मोटेवर. "पान्याची पाळी हाये," म्हने. अनसिंगवाल्यायनं पयला गोल केला, आमची फळी पाहून तोंड दाबून हसत होते ते. मंग जगदेवनं येक असा ठोकला का त्यायचा गोलकीपर बॉलसंगट मांग गेला. येक-येक. जऊळक्याचा जिंदगीतला पयला गोल! लोकायनं टोप्या उडवल्या.

अखेरले अखेरले बॉल मले भेटला. समोर गोल, गोलकीपर मातीत पडलेला, अन् मी. सगळा गाव वरडून राह्यला होता, "मार, भगवंता, मार!" माझी मायबी कुठून तरी वरडत होती. तेवढ्यात मांगून विहिरीकडून आवाज आला.

"फुटला!"

देवाची शपथ, पाय माझा होता, पन हालला आपोआप. बॉल उजवीकडं गेला. तथी रूपला येकटा उभा. मांगून त्यायचे दोन जन माझ्या तंगड्यात येऊन पडले, म्हनजे मी मारला असता तं अडलाच असता. रूपलानं टोचला. दोन-येक. मी मातीत पडल्या पडल्या विहिरीकडं पाह्यलं. बापूराव बैल हाकून राह्यला होता. येक डाव त्यानं चाबूक वर केला, बस.

त्या दिवशी मले तो मानूस आवडला. सांगून टाकतो, येकच दिवस.

तिसऱ्या दिवशी शेठनं अकोल्याहून फोटोवाला आनला. फलाटावर खुर्च्या मांडल्या. चौघं धुतलेल्या धोतरात आले. बापूरावबी आला, डोक्यावर नवा फेटा, दिवसाढवळ्या मोट बंद ठिवून. तसं त्यानं कधी केलं नव्हतं. तुळसाबाईबी आली होती.

शेठ म्हने, "फोटो बंगल्यात लागनार, मोठमोठे लोकं पाहतीन. शोभला पाह्यजे. हे चौघं दुसऱ्या फोटोत घेऊ." अन् नव्या शर्टातले जुने चौघं येऊन बसले. त्यात शेठचा मेहुना, जो सामन्याच्या दिवशी वाशीमले बहिनीकडं तीळगूळ खाऊन राह्यला होता. तो रूपलाच्या जागी. मधली खुर्ची माझ्यासाठी ठिवलेली. बॉल माझ्या मांडीवर देल्ला.

दुसरा फोटो नव्हताच. फोटोवाल्यापाशी फोटो उमटवाची काच येकच होती, हे मले माहीत होतं. शेठनं मले आधीच सांगतलं होतं.

बापूराव पुढं आला. पाटील नाई, अबे नाई, पयल्यांदा त्यानं मले नावानं हाक मारली. "भगवंता," म्हने, "तू बोल ना यायले."

येक शब्द बोलाचा होता. मी नुसता उठलो असतो तरी शेठनं ऐकलं असतं, पाटलाच्या पोराबिगर फोटो कसा काढतीन? पन उठलो असतो अन् ती खुर्ची दुसऱ्या कोनाले देल्ली असती तं? फोटोवाला काळ्या कपड्यात डोकं घालून म्हने, "हलू नका." मी हाललो नाई.

आठ दिवसानं बॉल पुन्हा वांग्यात गेला. मीच मारला होता. हाका मारल्या, कोनी ओ देल्ली नाई. चार दिवसानं पाह्यलं तं विहिरीतून मोट वर येऊन राह्यली, अन् तिच्या कातड्याले खाली नवं ठिगळ. शिवन ओळखू आली मले. बॉल फाडून त्यानं मोटेले लावला होता!

"बापूराव, माझा बॉल!" मी वरडलो.

"फोटोत हाये ना मांडीवर," तो वरूनच म्हने. "त्यातला घे."

शेठनं नवा बॉल आनला. फळीबी जुनीच आनली, शर्टवाली. पुढच्या सक्रांतीले अनसिंगवाल्यायनं आमाले नऊ गोल हानले. मधल्या जागेवर मीच होतो. रूपला, सेवालाल, जगदेव, मारोतराव धावेवर बापूरावपाशी बसून पाहत होते, शेंगा खात. मास्तरची बदली झाली, क्लब मोडला. बापूराव अन् मी दहा वर्सं येकमेकासंगं बोललो नाई. बजारात मी त्याच्या दुकानावरून गेलो का तो मुद्दाम वांग्यावर पानी शिंपडे, माझ्या धोतरावर उडे असं.

वैशाखात तो मोट हाकता हाकताच गेला. मले समजलं तसा मी निघालो. कायले गेलो, मले नका इचारू. आंगनात तिरडी बांधून तयार होती. माळ्यायची भावकी कुरकुर करून राह्यली होती, कारन खांद्याले पुढं रूपला अन् जगदेव, मांग सेवालाल अन् मारोतराव. "तांड्यावाल्यायचा खांदा?" कोनी तरी म्हनलं. तुळसाबाईनं डोये पुसले अन् खेकसली, "त्यानंच निवडलेले हायेत. उचला."

मी चपला काढल्या. गर्दीतून पुढं गेलो. दहा वर्सायचं भांडन होतं, पन खांदा तं देऊ शकतो मानूस. मी तिरडीच्या बांबूले हात लावला.

रूपलानं माझ्याकडं पाह्यलं. रागानं नाई पाह्यलं, तेच वाईट झालं.

"चार झाले, भगवंतराव," तो म्हने. "तुमी फोटोतले."

त्यायनं तिरडी उचलली अन् माझ्या बाजूनं घेऊन गेले. मी चपला हातात धरून कुंपाटीपाशी उभा राह्यलो. खडूस मेला, जाता जाताबी मले फळीतून काढून गेला.